बोट आली तरी पुलावरचं वजन वाढत नाही

परवा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला, नदीवर दगडी पूल, पुलावर कालवा आणि कालव्यातून चाललेली बोट. लगेच एकाने विचारलं, बोटीचं वजन पेलतं कसं? अहो, ते पुलावर वाढीव येतच नाही!

इंग्लंडमध्ये लँकेस्टरला लून नदीवर असा पूल आहे. जॉन रेनी नावाच्या इंजिनियरने आखलेला, १७९७ साली पूर्ण झालेला, पाच अर्धगोल कमानी, प्रत्येकीचा गाळा ७० फुटांचा. त्यावर २० टनांची बोट आली की ती बरोबर २० टन पाणी बाजूला सारते आणि ते पाणी लांबलचक कालव्यात पसरून जातं. आर्किमिडीजचा शाळेतलाच नियम.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. दगडी कमान दाबावर उभी असते, दगड एकमेकांना रेटतात आणि तो रेटा दगडादगडातून खाली खांबात उतरतो. रस्त्याच्या पुलावर जड गाडी सरकली की रेट्याची ही वाटही सरकते, ती दगडाच्या कडेशी गेली की सांधा उघडायला लागतो. कालव्याच्या पुलावर मात्र भार कायम तेवढाच आणि तिथेच, म्हणून कमानीला हे काम फार मानवतं.

त्रास होतो तो बाजूने. पाणी भिंतींना बाहेर ढकलतं आणि खोली दुप्पट केली तर ढकल चौपट होते, १ मीटर खोलीला भिंतीच्या दर मीटर लांबीमागे अर्धा टन, २ मीटरला २ टन. शिवाय गळती, त्यासाठी तेव्हा कालव्यांच्या तळाला तुडवून मळलेल्या चिकणमातीचा थर देत.

आणि नदीतल्या खांबांचा पाया? साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पाण्याखाली तो हवा कुठून घेणार! म्हणून लूनवरच्या या पुलासाठी इटलीहून पोझोलाना नावाची ज्वालामुखीची राख मागवली, तिच्यातली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि मिश्रण पाण्यातही दगडासारखं होतं. आपल्याकडे अजूनही पुलाचं काम निघालं की पायात नरबळी देतात, पोरं पळवतात अशा अफवा उठतात आणि त्यापायी निरपराध माणसांना मार बसतो, तेव्हा कृपा करून असले मेसेज पुढे ढकलू नका. पाया धरतो तो या राखेसारख्या रसायनाने. घराच्या कामाला येणाऱ्या सिमेंटच्या पोत्यावर पीपीसी लिहिलेलं असतं ना, त्यातला दुसरा पी म्हणजे हाच पोझोलाना, फक्त आता त्या जागी बहुतेक वेळा औष्णिक वीज केंद्रातली राख असते.