मुंबईतील चिकटवहीची पार्श्वभूमी: चिंध्यांच्या कागदापासून आम्लरहित पानापर्यंत

छायाचित्रे, लोकलची जुनी तिकिटे, लेस, टिकल्या, बटणे, वाळलेली पाने आणि ॲक्रिलिक रंगाचे थर एकाच पानावर बसवण्याच्या कलेला मुंबईत आता सर्रास स्क्रॅपबुकिंग किंवा मिक्स्ड मीडिया म्हटले जाते आणि अमेरिकेतून आलेला छंद म्हणून तिची ओळख करून दिली जाते. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे. छंदाचा साचा बाहेरून आला हे खरे, परंतु त्याला लागणारे सामान आणि ते हाताळण्याची सवय मुंबईच्या बाजारात आणि मराठी घरांत आधीपासून होती. शिवाय कागदाच्या टिकाऊपणाचा जो मुद्दा या छंदाने सर्वांत मोठ्या आवाजात मांडला, तो टिकाऊपणा इथल्या जुन्या हातकागदाच्या अंगचाच होता.

दख्खनमध्ये कागद बनवणाऱ्यांची वस्ती दौलताबादशी जोडलेली आहे. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी तेथे हलवली, तेव्हा दिल्लीहून आलेल्या कारागिरांत कागदीही होते, असे परंपरा सांगते. वेरूळच्या रस्त्यावरील कागजीपुरा हे गाव आजही त्या व्यवसायाचे नाव धारण करून आहे. पुढे जुन्नरचा कागद नावाजला गेला आणि पुण्यात कसब्याजवळ कागदीपुरा वसला. जुने दोर, गोणपाट, अंबाडी आणि चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवून, कुटून आणि धुऊन त्यांचा लगदा केला जाई. तो हौदातल्या पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर उचलला जाई. ताव वाळल्यावर त्याला पिठाची खळ लावून गुळगुळीत दगडाने तो घोटला जाई, कारण न घोटलेल्या कागदावर बोरूची शाई फुटते. चुना वापरण्यामागे तंतू मऊ करण्याचा व्यावहारिक हेतू होता, पण त्याचा थोडा अंश कागदात राहिल्यामुळे पुढे तयार होणारे आम्ल आपोआप मारले जाई. पेशवे दफ्तरातील लक्षावधी मोडी कागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही वाचता येतात, त्याचे बरेचसे श्रेय या कृतीला द्यावे लागते.

चिकटवून सजवलेल्या पानांची परंपराही जुनी आहे. मोगल दरबारात मुरक्का नावाचे संग्रह तयार होत. निरनिराळ्या काळांतील चित्रे आणि सुलेखनाचे नमुने कापून ते एका पानावर जोडायचे आणि भोवती सोनेरी वेलबुट्टीचे हाशिये काढायचे, अशी त्यांची रचना असे. विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकात अबरीचे काम विशेष बहरले. पाण्यावर तरंगते रंग फिरवून त्यांचा ठसा कागदावर घ्यायचा आणि त्याच लहरींतून घोड्याची किंवा माणसाची आकृती साधायची, हे तेथील चित्रकारांचे वैशिष्ट्य होते. आज मार्बलिंग या नावाने जे शिकवले जाते, त्याचा एक उत्कृष्ट अध्याय मुंबईपासून फार दूर घडलेला नाही, याची आठवण कार्यशाळांतून क्वचितच करून दिली जाते.

युरोपातील हकीकत थोडक्यात सांगता येईल. वाचलेले उतारे उतरवून ठेवण्याच्या वह्या तेथे जुन्याच होत्या. 1769 मध्ये जेम्स ग्रेंजर यांचा इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास प्रसिद्ध झाल्यानंतर पुस्तकात बाहेरची चित्रे डकवण्याची टूम निघाली. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछाप स्वस्त झाला आणि जर्मनीत ठशाने कापलेली, उठावाची रंगीत चित्रे ढिगाने छापली जाऊ लागली. त्यांनाच इंग्रजीत स्क्रॅप म्हणत. मार्क ट्वेन या लेखकाने 1873 मध्ये पानांना आधीच गोंद लावलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले, यावरून त्या काळी या छंदाला केवढी बाजारपेठ होती हे कळते.

मुंबईत ही लाट दोन वाटांनी पोहोचली, आणि दोन्ही वाटा कापडाच्या होत्या. पहिली वाट कापडाच्या ताग्यांवरील लेबलांची. मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर देवदेवता, राजे, वाघ-हत्ती यांची झगझगीत छापील चित्रे चिकटवलेली असत. मुंबईत 1854 मध्ये पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला गेल्यानंतर येथील गिरण्यांनीही तीच रीत उचलली. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला माल चित्रावरून ओळखता यावा, हा व्यापारी हेतू होता, परंतु ताग्यावरून सुटलेले लक्ष्मीचे चित्र फेकून देणे कोणाच्या जिवावर आले नसते हे उघड आहे.

दुसरी वाट अधिक महत्त्वाची आहे. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी गेल्या, पण अनेक घरांत त्या छापल्या तशा राहिल्या नाहीत. देवीच्या साडीच्या जागी खऱ्या कापडाचा तुकडा बेतून चिकटवायचा, काठावर जर शिवायची, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी टाचायचे, आणि चेहरा व हात मात्र छापील ठेवायचे, असे काम बायका दुपारच्या फावल्या वेळात करीत. अशी एखादी तसबीर बारकाईने पाहिली, तर सुईच्या टाक्याने कागद फाटू नये म्हणून मागे अस्तर लावल्याचे आणि पदराच्या घडीत जर मुद्दाम विरळ ठेवल्याचे दिसते. छापील चित्र, कापड, धातू आणि भरतकाम यांचा हा मेळ पिकासो आणि ब्राक या युरोपातील चित्रकारांनी 1912 मध्ये कॅनव्हासवर कागद व मेणकापड चिकटवण्याच्या आसपासचाच आहे. दोन्हींचे हेतू अगदी वेगळे होते, तेव्हा त्यांची बरोबरी करण्यात अर्थ नाही; मात्र कलेच्या इतिहासात एकाला पान मिळाले आणि दुसऱ्याला माळा मिळाला, एवढे नोंदवायला हरकत नसावी.

छायाचित्रांच्या अल्बमची सुरुवातही मुंबईत लवकर झाली. येथील फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होते. काळी जाड पाने, फोटोच्या चार कोपऱ्यांना डिंकाचे त्रिकोण आणि मधे पातळ पारदर्शक कागद हा अल्बमचा घाट पुढे मध्यमवर्गीय घरांत स्थिरावला.

या सर्व काळात कागद मात्र बदलत गेला. 1807 मध्ये जर्मनीत मोरित्झ इलिग यांनी राळ आणि तुरटीची खळ लगद्यातच मिसळण्याची युक्ती सांगितली, आणि 1844 मध्ये फ्रीडरिख केलर यांनी लाकूड दळून लगदा करण्याचे यंत्र शोधले. कागद स्वस्त झाला, वृत्तपत्रे वाढली, परंतु तुरटीने आणलेले आम्ल आणि लाकडाचे तंतू बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य यांमुळे तो पिवळा पडून ठिसूळ होऊ लागला. क्रिकेटच्या किंवा नाटकांच्या जाहिरातींच्या कात्रणांची वही ज्यांनी उघडून पाहिली आहे, त्यांना कात्रणाच्या आकाराचा तपकिरी डाग समोरच्या पानावरही उमटलेला आठवेल.

हातकागद त्याच काळात मरणपंथाला लागला होता. गांधीजींच्या पुढाकाराने 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा कागदाचा समावेश त्याच्या कामात झाला, आणि 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. पुढे विलेपार्ल्यातील इर्ला येथे मुख्यालय असलेल्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने हे काम हाती घेतले. आज या कागदाचा कच्चा माल मुख्यत्वे बनियनच्या कारखान्यांतील सुती कात्रण असते. ते बीटर या कुटणाऱ्या यंत्रात फिरवून लगदा करतात, जाळीच्या चौकटीवर ताव उचलतात, कापडावर उलटतात, दाबयंत्रात पाणी काढतात आणि दोरीवर वाळत घालतात. चौकटीच्या कडेला लगदा पातळ होत गेल्याने जी झालरदार कड येते, तिच्यावर छंदप्रेमींचा फार जीव असतो. यंत्राच्या कागदाला तशी कड फाडून आणण्याचे प्रकारही बाजारात चालतात. राजस्थानातील सांगानेर हे आता या मालाचे मोठे केंद्र आहे.

मुंबईच्या मुलांच्या हातात कात्री आणि गोंद आला तो शाळेतून आणि सणांतून. कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागद, क्रेप आणि कार्डशीट लागे. प्रकल्पाच्या चिकटवहीसाठी स्टेशनरीच्या दुकानातून नेत्यांच्या आणि प्राण्यांच्या चित्रांचे तक्ते आणले जात. दिगंबर दांडेकर यांनी 1931 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे कॅमलिनची शाई आणि रंग दप्तरांत पोहोचले, आणि 1959 मध्ये मुंबईतच फेव्हिकॉल जन्माला आले. त्याआधी, आणि कित्येक घरांत त्यानंतरही, दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी मैद्याची खळच शिजत असे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेला पतंगी कागद आणि कापलेल्या झिरमिळ्या हे कौशल्य माहीमच्या कंदील गल्लीत आजही विकाऊ आहे.

अमेरिकेतील आधुनिक छंदाची सुरुवात साधारणपणे 1980 पासून मानतात. त्या वर्षी सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या वंशावळींच्या परिषदेत युटामधील मेरिलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कुटुंबाने या सामानाचे दुकान उघडले. बारा इंची चौकोनी पान, आम्लरहित कागद आणि पीव्हीसी हे प्लास्टिक नसलेली पारदर्शक पाकिटे हे तेथून रूढ होत गेले. मुंबईत हा साचा आल्यावर त्याला भुलेश्वरच्या गल्ल्यांतील जर-लेस-टिकल्या, क्रॉफर्ड मार्केटलगतच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरील कागद आणि जुन्या लग्नपत्रिकांचे सोनेरी तुकडे आयतेच मिळाले. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठा आणि कागद यांकडे पुन्हा वळावे लागले, आणि छंद म्हणून शिकलेले हात त्या कामालाही लागले.

आम्लरहित हा शिक्का मात्र येथे जपूनच वाचावा लागतो. पान कितीही चांगले असले, तरी त्यावर टोचलेली लोखंडी क्लिप मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच गंज सोडते, आणि रंगाचे जाड थर पूर्ण वाळण्याआधी वही मिटली तर पाने एकमेकांना चिकटतात. गोंदाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. संग्रहालयांतील कागद-संवर्धक गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, कारण ती पुढे कधी पाण्याच्या ओलाव्याने सोडवता येते. पांढरा कृत्रिम गोंद वाळल्यावर तसा सुटत नाही, म्हणून ज्याची दुसरी प्रत नाही असे छायाचित्र थेट न चिकटवता त्रिकोणी कोपऱ्यांत अडकवणे, किंवा त्याची प्रत काढून ती पानावर लावणे, ही पद्धत जाणकार पाळतात. खळीला मुंबईत झुरळे आणि कसर लागते, ही अडचण खरीच आहे; अशा वह्या कपाटात भिंतीला टेकवून न ठेवता पावसाळ्यानंतर वाऱ्यावर उघडून पाहाव्या लागतात.