हिमनदीने स्वतःच पुसलेला इतिहास कसा वाचतात

हिमनदीच्या तोंडाशी दगडमातीचा बांध साचतो, त्याला हिमोढ म्हणतात. बर्फ वरून सतत खाली येत असतो आणि तोंडाशी वितळत असतो. येणारा आणि वितळणारा बर्फ सारखा झाला की तोंड वर्षानुवर्षे एकाच जागी राहते आणि बर्फाने वाहून आणलेला सगळा माल तिथेच पडत जातो. पुढे तोंड मागे हटले की बांध उघडा पडतो. दरीतून वर चढताना असे चार बांध एकामागून एक लागले, तर हिमनदी चार वेळा थांबली असे म्हणावेसे वाटते. खरे म्हणजे ‘निदान चार वेळा’ एवढेच म्हणता येते.

कारण साधे आहे. हिमनदी पुढे सरकते तिला चाल म्हणू. मोठी चाल आली की वाटेतले जुने, लहान चालींचे बांध ती चिरडून टाकते. समजा, हिमनदी दहा वेळा पुढे आली आणि प्रत्येक वेळी ती किती लांब गेली हे निव्वळ योगायोगाने ठरले. शेवटच्या चालीचा बांध नक्की उरतो. तिच्या आधीची चाल शेवटच्या चालीपेक्षा लांब गेली असेल तरच तिचा बांध उरेल, म्हणजे शक्यता निम्मी. त्याआधीच्या चालीची एक तृतीयांश, आणि असे करत पहिल्या चालीची एक दशांश. सगळ्यांची बेरीज येते सुमारे २.९. दहा चालींतून जेमतेम तीन बांध! शिवाय उरलेले बांध नेहमी एकाच क्रमात दिसतात: सर्वांत जुना सर्वांत दूर, नवा सर्वांत जवळ. हिमनदी टप्प्याटप्प्याने आखडत गेली असा भास होतो, पण हा क्रम पुसण्याच्या पद्धतीतूनच येतो.

पेंक आणि ब्रुकनर या भूगोलतज्ज्ञांनी १९०९ पर्यंत आल्प्सच्या पायथ्याचे हिमोढ आणि नद्यांचे रेवेचे मंच तपासून चार हिमकाल ठरवले: गुंझ, मिंडेल, रिस आणि वुर्म. काम अत्यंत काटेकोर होते, आणि ही नावे अनेक दशके पाठ्यपुस्तकांत राहिली. नंतर समुद्रतळाच्या गाळातील ऑक्सिजनची समस्थानिके, म्हणजे हलके आणि जड अणू, मोजली गेली (जमिनीवर बर्फ वाढला की त्यांचे प्रमाण बदलते), तेव्हा गेल्या आठ लाख वर्षांतच सुमारे आठ हिमचक्रे निघाली. समुद्रतळावर थरावर थर साचत जातो, दरीत मात्र नवे लिहिताना जुने खोडले जाते.

म्हणून वय काढण्याआधी बांध नीट ओळखावा लागतो. मोठी दरड कोसळूनही दरीत आडवा उंचवटा तयार होतो आणि लांबून तो हुबेहूब हिमोढासारखा दिसतो. फरक कळतो तो पोटातला माल पाहिल्यावर. ओढ्याने कापलेली कडा शोधायची, वरची घसरलेली माती कुदळीने काढून ताजा छेद उघडा करायचा आणि खालून वर प्रत्येक थराची जाडी, रंग, कणांचा आकार, थरांमधल्या सीमा यांची नोंद करायची. बर्फाने थेट टाकलेल्या मालात प्रतवारी नसते. चिकणमातीपासून घराएवढ्या धोंड्यापर्यंत सगळे एकत्र असते. पाण्याने वाहून आणलेली वाळू आणि रेव मात्र निवडून टाकल्यासारखी थरांत बसते.

मग गोटे. एकाच जातीच्या खडकाचे ५० गोटे घेऊन प्रत्येकाची लांबी, रुंदी, जाडी कॅलिपरने मोजतात. जाडी लांबीच्या ०.४ पट किंवा त्याहून कमी असलेले गोटे शेकडा किती, हा आकडा बरेच सांगून जातो. हिमनदीच्या पाठीवरून आलेले दगड कड्यावरून तुटलेले, चपटे आणि धारदार असतात. तळाशी घासत आलेल्यांच्या कडा बोथट होतात, एखादी बाजू सपाट होते, तिच्यावर समांतर ओरखडे उमटतात. दरडीत असे घासलेले दगड क्वचितच सापडतात. तिथे बहुधा एकाच जातीचा खडक असतो आणि फुटलेले तुकडे एकमेकांत बसतील असे पडलेले असतात. गोटे एकाच जातीचे घ्यायचे ते यासाठी, की पाटीचा दगड कोणीही फोडला तरी चपटाच फुटतो आणि ग्रॅनाइट तसा फुटत नाही. दोन्ही मिसळले तर आकडा खडकाची जात सांगतो, वाहतुकीची पद्धत सांगत नाही.

आता वय. धोंड्यांसाठी सध्या सर्वांत भरवशाची पद्धत बेरिलियम-१० ची आहे. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे गारगोटीतील ऑक्सिजनचा अणू फुटतो आणि बेरिलियम-१० तयार होते. ते जितके जास्त साठलेले, तितका धोंडा जास्त काळ उघडा. ध्रुवाकडच्या अक्षांशांवर समुद्रसपाटीला हा वेग एका ग्रॅम गारगोटीत वर्षाला सुमारे चार अणू एवढाच असतो, उंच पर्वतांत तो कित्येक पट वाढतो. खडकात साधारण ६० सेंटीमीटर खोल गेले की तो जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. म्हणजे हिमनदीने खडकाचा दोन-तीन मीटर थर खरवडून काढला असेल, तर धोंडा उघडा पडतो तेव्हा त्याचे घड्याळ शून्याच्या जवळ असते.

निवडायचा धोंडा बांधाच्या माथ्यावरचा, पक्का रुतलेला आणि मीटरभर तरी उंच असावा, म्हणजे त्यावर बर्फ फार काळ साचून राहत नाही. सपाट माथ्यावरून छिन्नीने वरचे दोन-तीन सेंटीमीटर काढतात. जाडी, उंची, अक्षांश-रेखांश आणि चहूबाजूंच्या डोंगरांचे क्षितिजाशी कोन तिथल्या तिथे लिहितात. क्षितिजाचे कोन राहून गेले तर डोंगरांनी अडवलेल्या किरणांचा हिशेब चुकतो. प्रयोगशाळेत दगड भरडून पाव ते अर्धा मिलिमीटरचे कण चाळतात आणि विरल हायड्रोफ्लोरिक आम्लात पुन्हा पुन्हा धुतात. त्यात इतर खनिजे विरघळतातच, शिवाय पावसाबरोबर वातावरणातून आलेले बेरिलियम-१० ही निघून जाते. ही धुलाई अपुरी झाली तर वय भलतेच जास्त येते.

एका बांधावरचा एक धोंडा कधीच पुरेसा नसतो, पाच-सहा हवेत. चार वये १४ हजारांच्या आसपास आणि पाचवे ३१ हजार आले, तर पाचवा धोंडा आधी कुठेतरी उघड्यावर राहून मग बर्फावर आला, असे समजायचे. पण वये ६ हजारांपासून १४ हजारांपर्यंत सलग पसरली असतील, तर बांध झिजत गेला आणि धोंडे एकेक करून वर आले. अशा वेळी सरासरी काढणे चूक आहे, खरे वय जास्तीत जास्त वयाच्या जवळ असते.

वाळूसाठी वेगळे घड्याळ आहे: गाडलेल्या कणांत अंधारात हळूहळू साठत जाणारी आणि सूर्यप्रकाश पडल्यावर शून्य होणारी ऊर्जा. नमुना लोखंडी नळीत, उजेड न लागू देता घ्यावा लागतो. हिमोढातला माल इथे दगा देतो, कारण गढूळ पाण्यातून आलेल्या कणांना पुरेसे ऊन मिळालेले नसते आणि वय फुगते. बांधापासून दूर, खालच्या बाजूला पसरलेली बारीक वाळू त्याहून बरी.

पुसलेल्या पानांसाठी सरोवरांकडे वळावे लागते. हिमनदी खडक दळून पिठासारखा गाळ करते. खालच्या सरोवरात तो दरवर्षी साचतो. उन्हाळ्यात जाडसर फिकट थर, हिवाळ्यात बारीक गडद थर. गेरार्ड दे येर यांनी स्वीडनमध्ये अशा जोड्या मोजून बर्फ मागे हटल्याची वर्षवार मोजणी उभी केली आणि १९१० मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत मांडली. बांधाखाली गाडलेले, साल शाबूत असलेले झाड मिळाले तर फारच उत्तम: त्याच्या सर्वांत बाहेरच्या वलयाचे कार्बन-१४ वय म्हणजे बर्फ तिथे पोचल्याचा काळ. सरोवराच्या तळाच्या पहिल्या वनस्पती-थराचे वय मात्र बर्फ गेल्याची फक्त अलीकडची मर्यादा देते. बर्फ गेल्यानंतर झाडोरा यायला शेकडो वर्षे लागू शकतात.

बांधांवरून हवामानाकडे जाताना समतोल रेषा काढतात, म्हणजे ज्या उंचीवर वर्षभराचा साठा आणि घट सारखी असते ती रेषा. जुन्या हिमनदीचा नकाशा आखून तिचे सुमारे ६० टक्के क्षेत्र वर राहील अशी उंची शोधतात. ती आजच्यापेक्षा २०० मीटर खाली असेल, तर दर १०० मीटरला ०.६५ अंश धरून तापमान सुमारे १.३ अंशांनी कमी होते. पण हे हिमवर्षाव तेवढाच राहिला तरच. गंगोत्री हिमनदीची माहीत असलेली मोठी चाल, सुमारे ४० किलोमीटर खाली ‘झाला’ या गावापर्यंत पोचलेली, ६३ हजार वर्षांपूर्वीची ठरली आहे; जगभरचा बर्फ सर्वाधिक होता तो काळ मात्र सुमारे २१ हजार वर्षांपूर्वीचा. थंडीबरोबरच मोसमी वाऱ्यांनी आणलेला ओलावाही तिथे निर्णायक असू शकतो.

न्यूझीलंडमध्ये फ्रांझ जोसेफ हिमनदीखालचा वाइहो लूप हा प्रचंड बांध १९९४ मध्ये अचानक आलेल्या थंडीचा पुरावा म्हणून मांडला गेला. २००८ मध्ये त्याच्या पोटातला माल तपासला गेला, तेव्हा त्यात घासलेल्या शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकाऐवजी धारदार वाळूखडकच जास्त निघाला. मोठी दरड बर्फावर कोसळली, दगडांच्या जाड आवरणाने बर्फाचे वितळणे मंदावले आणि हवामान न बदलताही हिमनदी पुढे सरकली, असा अर्थ त्यातून पुढे आला. म्हणून एकट्या बांधावरून हवामान ठरवण्याआधी शेजारच्या तीन-चार दऱ्या तपासाव्या लागतात. वेगवेगळ्या लांबीच्या हिमनद्यांनी एकाच सुमारास बांध घातले असतील, तरच त्यामागे हवामानाचा हात आहे असे मानता येते, कारण दरडी सगळ्या दऱ्यांत एकदम कोसळत नाहीत.