तापली की बसणारी फियाट

थंड झाल्यावर मुकाट्याने चालू होणारी गाडी मिस्त्रीला सगळ्यांत जास्त छळते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42-44 अंशांवर असतो. अशा दुपारी जुनी प्रीमियर पद्मिनी, जिला आपल्याकडे अजून फियाटच म्हणतात, मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडते, अर्धा तास लिंबाखाली उभी राहते आणि मग पहिल्याच सेल्फला उठते. गॅरेजात पोचेपर्यंत ती ठणठणीत झालेली असते. मग अंदाजाने कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडायचा, प्लग बदलायचे, बिल द्यायचं; चार दिवसांनी पुन्हा तेच. अशा गाडीचं निदान ती बंद पडलेली असतानाच, पहिल्या पाच-दहा मिनिटांत करावं लागतं. लोक नेमकी तीच मिनिटं इंजिनवर पाणी ओतण्यात घालवतात.

रस्त्यावरचं ठरलेलं निदान म्हणजे ‘पेट्रोल लॉक झालं’. यात तथ्य आहे. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण असतं आणि त्यातल्या सर्वांत हलक्या घटकांची वाफ 35-40 अंशांच्या आसपासच व्हायला लागते. फियाटची टाकी मागे आणि पंप, ज्याला मिस्त्री एसी पंप म्हणतात, तो पुढे इंजिनला चिकटलेला. तो पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबाला द्रव आणखी लवकर उकळतो. नळीत वाफ साठली की पंपाचा पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा ती वाफच दाबत आणि सोडत बसतो. पेट्रोल पुढे सरकत नाही. चालत्या गाडीपेक्षा चहाला थांबलेल्या गाडीत हे जास्त होतं. पंखा थांबतो, रेडिएटरचं पाणी फिरायचं थांबतं, इंजिनची धग वर चढते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलही उकळू लागतं. पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी युक्ती म्हणूनच लागू पडते.

पण उन्हात बंद पडलेली प्रत्येक गाडी पेट्रोलमुळे पडत नाही. इंजिन कसं बंद पडलं हे आधी आठवा.

‘लॉक झालंय मिस्त्री.’
‘दादा, आचके दिले का एकदम गेली?’

या एका प्रश्नात अर्धं निदान होतं. पेट्रोल तुटतं तेव्हा कार्बोरेटरच्या वाटीत थोडं शिल्लक असतं. त्यामुळे गाडी आधी पिकअप सोडते, आचके देते, पाय उचलला की जरा सावरते आणि मग बसते. ठिणगी तुटते तेव्हा मात्र चावी फिरवल्यासारखी गाडी एका क्षणात गप्प होते.

ठिणगीचा प्रवास मोठा मजेदार आहे. बॅटरी 12 व्होल्टची, आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडायला हजारो व्होल्ट लागतात. कॉइल म्हणजे हा दाब वाढवणारी तारांची गुंडाळी. तिच्या जाड तारेतून वीज वाहत असताना तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, उघडले की वीज तुटते, ते क्षेत्र झटकन कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत उच्च दाब उभा राहतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर हे सेकंदाला 100 वेळा घडतं. क्षेत्र जितकं झटकन कोसळेल तितकी ठिणगी जोरदार. ते झटकन कोसळावं म्हणून पॉइंटना जोडलेला असतो कंडेन्सर, करंगळीएवढा डबा. तो बिघडला की पॉइंट उघडतानाही त्यांच्यात वीज उडत राहते, क्षेत्र रेंगाळत कोसळतं आणि प्लगवर पिवळट, मरतुकडी ठिणगी येते. कंडेन्सर आणि कॉइल या दोघांचं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं आणि निवल्यावर पुन्हा नीट वागतं. तापल्यावर बसणं आणि निवल्यावर उठणं हुबेहूब ‘लॉक’सारखं! दहा रुपयांचं फडकं की नवा कंडेन्सर, हे मग कसं ठरवणार?

त्यासाठी दोनच गोष्टी बघायच्या, आणि ठिणगी आधी, कारण पेट्रोल उघडं करून ठिणगी पाडणं म्हणजे आगीला बोलावणं. एक प्लग काढा, वायरीला लावा, त्याचं लोखंड इंजिनला टेकवून ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्लगला उघडा हात लावू नका. निळी, कडकडणारी ठिणगी असेल तर वीज निर्दोष. पिवळी असेल किंवा नसेलच, तर कंडेन्सर, कॉइल, पॉइंट याच क्रमाने जा. पॉइंटची फट साधारण 0.4 मिलिमीटर हवी. ठिणगी चांगली निघाली तर प्लग जागेवर बसवा, एअर क्लीनर काढा आणि कार्बोरेटरच्या घशात बघत ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने दाबा. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. कोरडं असेल तर पुरवठा तुटलाय. काही जुन्या अँबेसेडरवर एसयू कार्बोरेटर असतो, त्यात ही चिळकांडी मुळातच नसते. तो कोरडा दिसला म्हणून घाबरू नका.

पुरवठा तुटला असेल तर पंपाला हात लावण्याआधी टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज झाला आणि गाडी लगेच चालू झाली, तर चोर सापडला. टाकीतून लिटरभर पेट्रोल गेलं की तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट धुळीने बुजली, किंवा बाजारातून भोक नसलेलं झाकण आणून बसवलं, की टाकीत ओढ तयार होते आणि पंप हरतो. दुसरा चोर म्हणजे टाकीतला गंज. त्याचे पापुद्रे तळाच्या नळीच्या तोंडाशी ओढले जातात, इंजिन थांबलं की ओढ संपते, पापुद्रे खाली बसतात आणि गाडी पुन्हा पळते. थंड होण्याचा इथे काही संबंध नाही, तरी श्रेय लिंबाच्या सावलीलाच मिळतं.

गाडी बंद पडत नाही पण चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना दम धरत नाही, ही वेगळी तक्रार. थोडा दम हवाच खाते: 43 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 9 टक्के विरळ असते, म्हणजे तेवढाच प्राणवायू कमी. 1089 सीसीच्या इंजिनाला ते जाणवणारच. त्याहून जास्त जात असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली वजनं जाम झालीत का बघा. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पाडतात. अडकली तर ठिणगी उशिरा पडते, ताकद जाते आणि इंजिन उगाच तापतं. इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नाही, तर इंजिनला दोष देऊ नका, क्लच प्लेट घसरतेय.

आता इथेनॉलचं. आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत आलंय. ऊसवाल्याला ते बरंच आहे, पण जुना कार्बोरेटर शुद्ध पेट्रोलच्या हिशोबाने बनलेला आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचं, भोक तेवढंच राहतं, म्हणून मिश्रण हवेच्या बाजूला झुकतं आणि प्लगची टोकं पांढरी पडतात. मिस्त्री एक नंबर मोठा जेट टाकतात ते बरोबरच आहे. इथेनॉल पाणीही शोषतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत पाण्याचा थर तळाशी, नेमका नळीच्या तोंडाशी बसू शकतो. शिवाय जुन्या रबराला ते मानवत नाही. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून वास घ्या. ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी तिथेच ठेवा, पडदा आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय चावी फिरवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवत नाही.