हलव्याचा काटा फोटोतून कुठे गेला?

संक्रांतीनंतर मामेबहिणीच्या मुलाचं बोरन्हाण होतं. बाळाच्या अंगात काळं झबलं आणि त्यावर मामीने घरी केलेले हलव्याचे दागिने. मंद शेगडीवर चमचा-चमचा पाक घालत, बोटांनी हलवत तिने तीन-चार दिवस खपून तो हलवा केला होता. फोटो बघून ती एवढंच म्हणाली, "अरे, काटा कुठाय?" खरंच, हाराच्या जागी सपाट पांढरा पट्टा होता, खडूने ओढल्यासारखा.

घरातल्यांनी लगेच दोन गोष्टी सांगितल्या. एक, कॅमेरा बिघडला. दोन, काही हरकत नाही, ॲपमध्ये उजेड कमी करता येतो. दोन्ही चूक.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर सिलिकॉनचे लाखो बारीक कप्पे असतात, तेच पिक्सेल. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, सिलिकॉनवर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि कप्प्यात साठतो. जितका उजेड, तितके इलेक्ट्रॉन. शटर बंद झालं की कॅमेरा प्रत्येक कप्प्यातला साठा मोजतो. पण कप्पा म्हणजे धान्य मोजायची पायली. ती काठोकाठ भरली की पुढचे दाणे सांडतात, आणि भरलेल्या पायलीकडे बघून वरून मूठभर सांडलं की पोतंभर, ते सांगता येत नाही.

समजा, एका कप्प्यात ५०,००० इलेक्ट्रॉन मावतात. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आकडा साधारण याच घरात असतो, मोबाइलच्या चिमुकल्या पिक्सेलमध्ये बराच कमी. हलव्याच्या काट्याच्या टोकावरून ९०,००० इलेक्ट्रॉन सुटतील इतका उजेड आला, आणि दोन काट्यांमधल्या खाचेतून ६०,००० पुरता. दोन्ही कप्पे भरले, दोन्हींची नोंद ५०,०००. टोक आणि खाच यांतला फरक म्हणजेच काटा, आणि तो फरकच नोंदला गेला नाही. उजेड निम्मा घेतला असता तर ४५,००० आणि ३०,००० अशी नोंद झाली असती, काटा ठसठशीत दिसला असता.

पुढे हे मोजमाप आकड्यांत बदलतं. १४ बिटच्या, म्हणजे उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मोजणाऱ्या कॅमेऱ्यात ० ते १६,३८३, आणि जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, ० ते २५५. आमच्या फोटोत टोकही २५५, खाचही २५५. ॲपमध्ये उजेड कमी केला की दोन्ही २०० होतात. पांढरा पट्टा राखाडी होतो, इतकंच. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचं मोजमाप जसंच्या तसं जपणारी फाइल, ठेवली असेल तर थोडी मोकळीक मिळते, कारण जेपेग करताना कॅमेरा उजळ भाग आणखी वर ढकलतो. पण कप्पाच भरून गेला असेल तर रॉचाही उपयोग नाही. 'एआयने जळालेला (म्हणजे उजेडाने पांढराफटक पडलेला) फोटो परत मिळवा' अशा जाहिराती करणारी ॲप्स इतर फोटोंवरून शिकलेला कुठला तरी काटा तिथे रंगवतात. तो मामीच्या हलव्याचा काटा नव्हे.

रंगांचंही हेच. प्रत्येक कप्प्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. केशरी झेंडूत लाल कप्पे आधी भरतात, हिरवे मागून वाढत राहतात, म्हणून उजेड जास्त झाला की झेंडू पिवळा पडतो.

मग कॅमेऱ्याने इतका उजेड घेतला का? त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर बाळ आहे की भिंत, हे नीट कळत नाही. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परतवणारं आहे, असं तो धरून चालतो. काळं झबलं जेमतेम चार-पाच टक्के परतवतं. चौकटीत काळंच जास्त, म्हणून मीटरने उजेड जवळपास चौपट केला. काळं राखाडी झालं आणि हलवा जळाला. चंद्रकळा नेसलेल्या नव्या नवरीच्या हळदीकुंकवाच्या फोटोंत हेच होतं.

त्याच फोटोंपैकी एकात खिडकीपाशी बसलेल्या बाळाभोवती पांढरं वलय आलं होतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याला 'दैवी तेज' म्हटलं गेलं. मागच्या खिडकीचा प्रखर उजेड भिंगांच्या काचांत विखुरला की असं वलय येतं. त्यात दैवी काही नाही.

उपाय सोपा आहे. प्लस-मायनसचं चिन्ह असलेलं बटण, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, मायनसकडे न्यायचं. एक पायरी म्हणजे उजेड निम्मा. मी मायनस दीडवर पुन्हा फोटो काढले. झबलं खरोखर काळं आलं आणि हारातला एकेक दाणा काट्यासकट दिसला. कॅमेऱ्यात जळालेले भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती कायम चालू ठेवावी.

काळं काही नसतानाही सगळेच फोटो पांढरे येत असतील, तर आधी तेच बटण चुकून प्लसवर राहिलंय का आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ३२०० वर अडकलाय का, हे बघा. दोन्ही ठीक असेल तर कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरची वेळ कॅमेरा ठरवतो) ठेवून एकाच भिंतीचे दोन फोटो काढा, एक लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून आणि एक एफ/११ वर, म्हणजे छिद्र बरंच मिटवून. पहिला नीट आणि दुसरा पांढराफटक आला, तर लेन्समधल्या छिद्राच्या पात्या बहुधा अडकल्या आहेत. एफ/११ समजून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, पण छिद्र मिटतच नाही. असं असेल तर लेन्स कॅमेऱ्यासकट दुरुस्तीला न्या.