सिकलसेल आणि जबड्याचे दुखणे : निदानामागचा इतिहास

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवात, योगायोग असा की, दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्यापासून होते. ग्रेनेडा बेटावरून शिकागोला शिकायला आलेल्या वॉल्टर क्लेमंट नोएल यांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी १९०४ मध्ये आढळल्या, डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नोएल मायदेशी परतून दातांचाच व्यवसाय करत राहिले. याच आजारात जबडाही ठणकू शकतो, हे मात्र आजही दाढ तपासताना चटकन आठवत नाही.

दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले, आणि दुखण्याची उकल शक्य झाली. प्राणवायू कमी पडला की पेशी ताठर होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असून त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः एकाच धमनीवर विसंबून असल्यामुळे वरच्या जबड्यापेक्षा त्याला धोका अधिक. तिथल्या मज्जातंतूला झळ पोहोचली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. कधी किडीचा मागमूस नसलेल्या दाताचाही गर, म्हणजे आतला मऊ जिवंत भाग, मरतो.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. विदर्भ आणि नंदुरबारमध्ये आज ‘एसएस पॅटर्न’ (आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आल्याने झालेला आजार) हा शब्द घरोघरी कळतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या व्यक्तींची रक्ततपासणी होत असल्याने अनेक मुलांना आपला पॅटर्न आधीच ठाऊक असेल, पण दातांच्या डॉक्टरांनी तो विचारायला हवा.

कारण खरी अडचण इथेच आहे. एक्स-रेमध्ये दाढांच्या मुळांदरम्यान शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा दिसू शकतात, परंतु त्या अस्थिमज्जेच्या जुन्या वाढीच्या खुणा असतात. नुकताच रक्तपुरवठा तुटलेले हाड सुरुवातीला अगदी निरोगी दिसते. हाडातला जंतुसंसर्गही ताप, सूज आणि वेदना घेऊनच येतो, आणि एमआरआयनेही दोन्हींतला फरक दर वेळी स्पष्ट होत नाही. त्यातच किशोरवयात अक्कलदाढेवर ठपका ठेवणे सोपे असते. म्हणून रूट कॅनाल किंवा दाढ काढण्याआधी गर जिवंत आहे का, हे तपासावे लागते. उलट, प्रत्येक दुखणे ‘क्रायसिस’ (पेशी अडकल्याने उठणारी तीव्र कळ) समजून वेदनाशामकांवर ढकलणेही घातक, कारण दाताखालचा खराखुरा गळू स्वतःच क्रायसिस ओढवू शकतो.