यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान

अमेरिकेतील ज्वालामुखी प्रदेशात वसलेले, ऊन पाण्याचे फवारे व झरे यांसाठी विख्यात उद्यान. स्थापना १ मार्च १८७२. क्षेत्रफळ सुमारे ८,९८३ चौ. किमी.; बहुतेक भाग वायोमिंग राज्यात, कडेचा थोडा माँटाना व आयडाहोत. येथील शेवटचा महाउद्रेक सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वी झाला. तेव्हा खचलेल्या विवराखाली अजून धग आहे. जगातील निम्म्याच्या आसपास गायझर, म्हणजे थांबून थांबून उसळणारे ऊन पाण्याचे फवारे, या एका उद्यानात आहेत. आपल्या न्हाणीघरातल्या गिझरचे नाव मुळात अशाच फवाऱ्याचे.

पावसाचे व बर्फाचे पाणी खोल मुरून तापते. वरच्या पाण्याच्या दाबामुळे ते उत्कलनबिंदू ओलांडूनही उकळत नाही. नळीचा गळा अरुंद असेल तर थोडे पाणी वर सांडताच दाब उतरतो, खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि सगळा स्तंभ उसळतो. गळा मोकळा असेल तर नुसता झरा.

ओल्ड फेथफुल हा गायझर ३२ ते ५६ मीटर उंच उडतो. त्याची पुढची वेळ मागच्या उद्रेकावरून काढतात. तो अडीच मिनिटांच्या आत आटोपला तर नळीत ऊन पाणी बरेच उरते, म्हणून सुमारे तासाभरात पुन्हा उडतो. जास्त चालला तर दीड तास धरावा. जाहीर वेळेत दहा मिनिटांचा फरक पडतो, तेव्हा आधीच जागा धरावी. तुषार चष्म्यावर किंवा कॅमेऱ्याच्या भिंगावर वाळू देऊ नयेत; त्यांतल्या सिलिकाचे डाग निघत नाहीत.

ग्रँड प्रिझमॅटिक झरा शंभर मीटरहून रुंद आहे. मधला निळा भाग जिवाणूंना सोसणार नाही इतका कढत. कडेचे पिवळे-केशरी पट्टे उष्णताप्रेमी सूक्ष्मजीवांचे. थंड सकाळी वाफेपलीकडे काही दिसत नाही. ऊन चढल्यावर फेअरी फॉल्सच्या वाहनतळावरून सुमारे एक किलोमीटर चालून टेकाडावर जावे; सगळे रंग तिथूनच दिसतात. उद्यानातल्याच एका ऊन झऱ्यात सापडलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे विकर पुढे पीसीआर चाचणीला उपयोगी पडले.

उन्हवरे किंवा वज्रेश्वरीच्या कुंडात अंघोळ करणाऱ्यांनी एक भेद पक्का लक्षात ठेवावा: इथल्या झऱ्यांत उतरायला सक्त मनाई आहे. काठाची जमीन खडकासारखी दिसते, पण ती पातळ पापडी असू शकते आणि खाली उकळते पाणी. झऱ्यांत भाजून वीसहून अधिक माणसे दगावली आहेत. फळ्यांची वाट सोडू नये, लहान मुलाचा हात सोडू नये, वाऱ्याने टोपी उडाली तर ती तिथेच जाऊ द्यावी. अमेरिकी गव्यांपासून (बायसन) २३ मीटर, अस्वल व लांडग्यांपासून ९१ मीटर अंतर ठेवावे लागते.

मॉर्निंग ग्लोरी हा झरा पूर्वी गडद निळा होता. लोकांनी नाणी व कचरा टाकून त्याचे तोंड बुजवले, पाणी निवले आणि पिवळे-केशरी जिवाणू काठावरून आत सरकले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक रस्ते मोटारींना बंद असतात. उत्तर प्रवेशद्वारापासून ईशान्येकडे जाणारा रस्ता मात्र बारमाही चालू राहतो.