पुस्तक मिटून करायचा अभ्यास

चाचणीच्या आदल्या दिवशी धडा तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ‘सगळं येतंय’ अशी खात्री होते. ही खात्री फसवी असते. वाचताना उत्तर डोळ्यांसमोरच असतं. मेंदूला ते फक्त ओळखायचं असतं. परीक्षेत मात्र ते आठवून काढावं लागतं, आणि त्याचा सराव वाचनाने फारसा होत नाही.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हा फरक मोजला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून, मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेलाच उतारा सरस ठरला : ८१ टक्के, तर लिहून काढलेला ७५ टक्के. आठवड्याने मात्र चित्र उलटलं. दोनदा वाचलेला ४२ टक्के आठवला, लिहून काढलेला ५६ टक्के. पुन्हा वाचणं उपयोगी वाटतं ते यामुळेच; त्याचा फायदा लगेच दिसतो आणि लवकर ओसरतो.

घरी हे असं करावं. धड्याची दोन-तीन पानं नीट वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिहा. नुसते मथळे लिहून थांबू नका. व्याख्या, कारणं, आकृतीतल्या भागांची नावं, सगळं. अडलं की लगेच पुस्तक उघडायचा मोह होतो. तो आवरा, कारण आठवायची ती धडपड हाच खरा अभ्यास आहे. दहा मिनिटांनंतर मात्र पुस्तकाशी ताडून पाहाच, नाहीतर चुकीचं उत्तरच पक्कं होईल. राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनने लिहा. पुढच्या खेपेला सुरुवात त्या लाल ओळींपासून.

ही पुढची खेप त्याच संध्याकाळी नको. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं, की विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि पुढे मंदावतो. थोडं विसरल्यावर पुन्हा आठवलेलं जास्त टिकतं. चाचणी दहा दिवसांवर असेल, तर एकच धडा पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशी घ्यावा. एकदा बरोबर आलेला प्रश्न कायमचा बाजूला ठेवणं ही नेहमीची चूक. तो निदान आणखी दोन वेगळ्या दिवशी बरोबर यायला हवा.

गणिताची अडचण थोडी वेगळी आहे. एका प्रकारची वीस उदाहरणं सलग सोडवली, की कोणतं सूत्र वापरायचं हा प्रश्नच उरत नाही, आणि परीक्षेत अडतं ते नेमकं तिथेच. रोरर आणि टेलर या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगात घनफळाची उदाहरणं प्रकारवार सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळ करणाऱ्यांची फक्त ६०. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत प्रकारवार गट २० टक्क्यांवर घसरला. सरमिसळ गटाला ६३ टक्के मिळाले. म्हणून नवी रीत कळेपर्यंत चार-पाच उदाहरणं सलग सोडवा, मग जुन्या प्रकरणांतली मिसळा. सराव अवघड होईल, चुका वाढतील. तरी सरमिसळ सोडू नका.

आदल्या रात्री नवा धडा उघडू नये. लाल ओळी एकदा न बघता म्हणून पाहाव्यात आणि वेळेवर झोपावं, कारण दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करत असतो.